अमेरिकन मोटारीची घडण, तिचे बिघाड आणि बिघाडांची मराठी क्रियापदे

१. विषयाचे स्वरूप

एखादे परकीय यंत्र नव्या भाषिक समाजात आले म्हणजे त्याच्याबरोबर त्याच्या भागांची नावेही येतात. मोटारगाडी मराठी मुलखात आली तेव्हा क्लच, ब्रेक, गिअर, पिस्टन, प्लग, टायर असे कितीतरी शब्द तिच्या मागोमाग आले आणि येथेच राहिले. उसन्या शब्दांच्या अभ्यासात अशा नामांची यादी देऊन हा विषय संपवण्याची प्रथा पडली आहे. वस्तुतः यंत्र सुरळीत चालू असताना त्याच्या भागांची नावे घेण्याचा प्रसंग क्वचितच येतो. ती घ्यावी लागतात यंत्र बिघडल्यावर. बिघाड ही घटना असते आणि घटना सांगावयाची तर क्रियापद लागते. मराठी कारागिराने नाम इंग्रजीतून उचलले, परंतु क्रियापद जवळजवळ सर्वत्र स्वतःच्या भाषेतले योजिले. त्या क्रियापदांत निदानाची एक सूक्ष्म व्यवस्था आहे, हे दाखवणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

यंत्राची ओळख असल्यावाचून ही व्यवस्था उमगत नाही. ‘गाडीचे पाणी गळते’ आणि ‘गाडी पाणी पिते’ ही दोन वाक्ये कोशाच्या दृष्टीने साधी आहेत. कारागिराच्या दृष्टीने मात्र पहिल्याचा अर्थ थोड्या वेळाचे काम आणि दुसऱ्याचा अर्थ इंजिन उघडण्याची तयारी असा होतो. म्हणून प्रथम यंत्राची घडण, नंतर त्याचे बिघाड आणि शेवटी बिघाडांची भाषा, असा क्रम येथे स्वीकारला आहे. उदाहरणासाठी अमेरिकेतील ब्यूक कंपनीची ‘रोडमास्टर’ ही मोटार, विशेषतः तिचा १९४६ ते १९४८ या वर्षांतील नमुना, घेतला आहे. श्रीमंती थाटाच्या त्या मोटारीच्या रचनेत वैशिष्ट्ये पुष्कळ आहेत आणि प्रत्येक वैशिष्ट्याला त्याचा स्वतःचा बिघाड जोडलेला आहे.

२. मोटारीची घडण

ब्यूक कंपनीची स्थापना १९०३ साली झाली. मिशिगन संस्थानातील फ्लिंट हे तिचे गाव. १९०८ साली स्थापन झालेल्या जनरल मोटर्स या संस्थेची उभारणी याच कंपनीच्या पायावर झाली. झडपा सिलिंडरच्या डोक्यावर बसवण्याची पद्धत ब्यूकने आरंभापासून स्वीकारली. त्या काळात इतर अनेक कारखाने झडपा सिलिंडरच्या कडेला ठेवीत असत. १९३१च्या नमुन्यापासून ब्यूकने एका ओळीत आठ सिलिंडर असलेले इंजिन वापरण्यास सुरुवात केली आणि ‘रोडमास्टर’ या मोटारीत ते १९५२ पर्यंत टिकले. १९५३ पासून त्याची जागा इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराच्या आठ सिलिंडरी इंजिनाने घेतली.

१९४८च्या रोडमास्टरचे इंजिन ३२० घनइंचांचे, म्हणजे सुमारे ५.२ लिटरचे होते. सिलिंडरचा व्यास ३ ७/१६ इंच आणि पिस्टनची धाव ४ ५/१६ इंच होती. मिनिटाला ३,६०० फेऱ्यांच्या गतीस त्याची शक्ती १४४ अश्वशक्ती भरे. पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर १२९ इंच, गाडीची एकूण लांबी सुमारे १८ फूट आणि वजन चार हजार पौंडांहून अधिक होते. मुंबईजवळ कुर्ला येथील प्रीमियर कारखान्यात १९५४ पासून तयार होऊ लागलेल्या फियाट ११०० या गाडीचे इंजिन १,०८९ घन सेंटिमीटरचे होते. ब्यूकचे इंजिन त्याच्या जवळजवळ पाचपट होते, एवढे सांगितले म्हणजे दोहोंतील अंतर ध्यानात येईल.

या गाडीची आणखी तीन वैशिष्ट्ये सांगितली पाहिजेत. पहिले असे की, १९३८ पासून ब्यूकच्या चारही चाकांवर पाट्यांऐवजी वेटोळ्याच्या स्प्रिंगा होत्या. दुसरे, गिअरपेटीतून मागच्या आसाकडे जाणारा दांडा उघडा नसून एका भक्कम नळीत बंदिस्त होता आणि चाकांचा रेटा त्या नळीतूनच गाडीला मिळे. तिसरे, विजेची सारी व्यवस्था सहा व्होल्टची होती आणि इंजिन सुरू करण्यासाठी वेगळी कळ नसून चावी लावल्यावर ॲक्सिलरेटरचे पॅडलच दाबावे लागे. १९४८ साली ‘डायनाफ्लो’ नावाची, तेलाच्या प्रवाहाने शक्ती पोचवणारी योजनाही या गाडीत मागणीनुसार मिळू लागली. तिच्यामुळे क्लचचे पॅडल नाहीसे झाले.

३. गाडी आणि मुलूख

जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे मोटारींच्या जुळणीचा कारखाना उघडला. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीने क्रायस्लर या दुसऱ्या अमेरिकन संस्थेशी करार केला आणि १९४७ पासून कुर्ला येथे डॉज, प्लिमथ, डिसोटो या गाड्यांची जुळणी चालू झाली. अशा रीतीने अमेरिकन मोटारीचा मराठी कारागिराशी निकटचा संबंध आला. परंतु १९५३ साली प्रशुल्क आयोगाचा मोटार उद्योगावरील अहवाल आला आणि सुटे भाग देशातच तयार करण्याचा कार्यक्रम ज्यांच्याजवळ आहे अशाच कारखान्यांना उत्तेजन देण्याचे धोरण सरकारने स्वीकारले. जनरल मोटर्सने त्यानंतर येथील जुळणी थांबवली. गाड्या मात्र रस्त्यावरच होत्या. सुटा भाग सहजी मिळत नाही, म्हणून जुनाच भाग दुरुस्त करून वापरावयाचा, ही स्थिती तेथून पुढे कित्येक वर्षे राहिली. नवा भाग हाताशी असेल तेथे निदान चुकले तरी एखादा भाग बदलून पाहता येतो. तो नसेल तेथे निदान अचूक करावे लागते. कारागिराच्या भाषेला धार आली ती या निकडीने.

फ्लिंटच्या हवामानासाठी कल्पिलेली ही गाडी विदर्भातील मे महिन्यात आणून उभी केली म्हणजे तिच्या रचनेतील प्रत्येक दुवा कसोटीस लागतो. विवेचनाच्या सोयीसाठी यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातील बोरी अरब हे गाव डोळ्यांसमोर ठेवावे. यवतमाळहून दारव्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव कापसाच्या काळ्या जमिनीच्या प्रदेशात आहे. उन्हाळ्यात सावलीतील तापमान चाळीस अंशांच्या वर जाते, विहिरीच्या पाण्यात क्षार असतात, धूळ बारीक असते आणि मोठ्या शहरातील कार्यशाळा दूर असते. उष्णता, पाणी, धूळ आणि अंतर या चार गोष्टींनी पुढील सर्व बिघाडांचा उलगडा होतो. गाडी वाईट घडवली होती असा त्याचा अर्थ नव्हे. एका परिस्थितीसाठी योजलेली रचना दुसऱ्या परिस्थितीत कोठे तोकडी पडते, हे बिघाडावरून कळते एवढेच.

४. नेहमीचे बिघाड

(अ) तापणे. आठ सिलिंडर एका ओळीत असल्यामुळे इंजिन लांब होते. पाण्याचा पंप पुढे असतो. त्यामुळे पुढील सिलिंडरांस थंड पाणी लवकर मिळते आणि मागील सिलिंडरांकडे पोचेपर्यंत ते तापलेले असते. क्षारयुक्त पाणी वारंवार भरल्यास त्याचा थर आतील भिंतींवर बसतो आणि गाळ साहजिकच मागील बाजूस साठतो. असा थर उष्णतेला अडवतो. म्हणून रेडिएटर स्वच्छ असूनही मागील सिलिंडर अतिशय तापू शकतात. पाणी उकळून बाहेर येऊ लागले की गाडी ‘पाणी फेकते’. सिलिंडरचे डोके तापून किंचित वाकले आणि त्याखालील गॅसकेट जळाले, तर पाणी सिलिंडरमध्ये शिरून वाफ होऊन धुराबरोबर निघून जाते. बाहेर थेंबही दिसत नाही, पण रेडिएटर रिकामा होतो. ही गाडी ‘पाणी पिते’.

(आ) पेट्रोलची वाफ होणे. पेट्रोल हा एकजिनसी पदार्थ नसून त्यातील हलके अंश ३५ ते ४० अंशांच्या सुमारासच उकळू लागतात. मे महिन्यात बोरी अरबसारख्या ठिकाणी नुसती हवाच त्याहून गरम असते. टाकी मागे आणि पंप पुढे इंजिनावर असल्यामुळे मधल्या लांब नळीत पेट्रोल ओढले जात असते, ढकलले जात नसते. ओढीमुळे नळीतील दाब कमी होतो आणि द्रव आणखी कमी उष्णतेवर उकळतो. वाफ धरली की पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. गाडी झटके देऊन बंद पडते आणि थोडा वेळ सावलीत थांबल्यावर काही न करता पुन्हा चालू होते. पंपावर ओला फडका ठेवणे हा यावरचा प्रसिद्ध उपाय शास्त्रशुद्धच आहे, कारण फडक्यातील पाण्याचे बाष्पीभवन होताना पंपाची उष्णता शोषली जाते.

(इ) एक्झॉस्ट मॅनिफोल्ड तडकणे. धूर गोळा करणारी ओतीव लोखंडाची ही नळी ब्यूकच्या लांब इंजिनावर तीन तुकड्यांची केलेली असते. बाजूचे दोन तुकडे मधल्या तुकड्यात सरकते बसवलेले असतात. एक मीटर लांबीचे ओतीव लोखंड ५०० अंशांनी तापले तर सुमारे साडेपाच मिलिमीटर वाढते आणि ही वाढ सामावण्यासाठीच तुकडे सरकते ठेवलेले असतात. गंज आणि काजळी यांमुळे सांधे घट्ट झाले, किंवा अननुभवी हाताने नट अतोनात आवळले, तर वाढीला जागा राहत नाही आणि लोखंड तडकते. येथे घट्टपणा हाच दोष ठरतो. याच भागात एक लहान झडप असते. थंड इंजिनात कार्बोरेटरखालील भाग तापवण्यासाठी ती धूर वर वळवते. ती गंजून वळवण्याच्या स्थितीतच अडकली तर कार्बोरेटर सतत तापत राहतो आणि वर सांगितलेला पेट्रोलच्या वाफेचा दोष दुणावतो.

(ई) सहा व्होल्टची अडचण. विजेची शक्ती म्हणजे व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार. सुरुवातीच्या मोटरला १,२०० वॉट शक्ती लागते असे मानले, तर १२ व्होल्टच्या गाडीत १०० अँपिअर प्रवाह पुरेसा होईल, पण ६ व्होल्टच्या गाडीत २०० अँपिअर लागतील. आता बॅटरीच्या तारेच्या टोकाशी गंज चढून ०.०१ ओहम एवढा क्षुल्लक विरोध उत्पन्न झाला असे समजू. पहिल्या गाडीत त्यामुळे १ व्होल्ट, म्हणजे बारावा हिस्सा खर्ची पडेल. दुसरीत २ व्होल्ट, म्हणजे तिसरा हिस्सा नाहीसा होईल. म्हणून जुन्या अमेरिकन गाडीत ‘सेल्फ उचलत नाही’ अशी तक्रार आली की जाणता कारागीर बॅटरी बदलण्यापूर्वी तारांची टोके आणि सांगाड्याशी असलेला जोड घासून पाहतो. तार जाड नसेल तर नवी बॅटरीही उपयोगी पडत नाही.

(उ) बेअरिंग जाणे. कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाशी मऊ धातूचा थर असतो. कथील, अँटिमनी व तांबे यांचा हा मिश्रधातू बॅबिट या नावाने ओळखला जातो. तो २४० अंशांच्या सुमारास मऊ पडून वितळू लागतो. १९४०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत ब्यूकमध्ये हा थर रॉडमध्येच ओतून, घासून बसवलेला असे. बदलता येण्याजोग्या तयार वाट्या नंतर आल्या. धुळीने तेल खराब झाले किंवा तेलाची पातळी उतरली की हा थर झिजतो व इंजिनातून ठोका ऐकू येऊ लागतो. पुनश्च धातू ओतून तो शाफ्टच्या मापास घासणे हे हातकौशल्याचे काम असून आज ते जाणणारे हात फार थोडे उरले आहेत.

(ऊ) मागचा आस आणि ब्रेक. बंदिस्त दांड्यामुळे धूळ बाहेर राहते हा मोठा लाभ आहे. परंतु क्लच पाहावयाचा झाला तर संपूर्ण मागचा आस मागे ओढावा लागतो. नळीतील तेलरोधक भाग झिजला की गिअरपेटीतील तेल हळूहळू मागच्या आसाकडे वाहते, तेथून चाकांपर्यंत पोचते आणि ब्रेकचे अस्तर भिजते. म्हणजे ब्रेकच्या तक्रारीचे मूळ कित्येकदा गिअरपेटीपाशी असते. घाट उतरताना ब्रेकचे ड्रम तापून फुगतात, अस्तरापासून दूर जातात आणि पॅडल अधिक खाली जाऊ लागते. डायनाफ्लोच्या गाडीत इंजिनाचा अटकाव कमी मिळत असल्याने हा भार आणखी वाढतो.

जुन्या गाड्यांना आधुनिक इंधनाचाही त्रास होतो. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. २०२५ पर्यंत २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्वत्र पोचले. जुन्या पंपातील पडदे आणि रबरी नळ्या इथेनॉलसाठी बनवलेल्या नव्हत्या. त्या फुगतात, मऊ पडतात आणि पाझरू लागतात.

५. क्रियापदांची व्यवस्था

वरील वर्णनात आलेली कारागिरांची क्रियापदे एकत्र पाहिली म्हणजे त्यांचे तीन गट पडतात.

पहिला गट खाणे, पिणे, ओकणे या देहव्यापारांचा. ‘इंजिन ऑइल खाते’, ‘गाडी पाणी पिते’, ‘गाडी धूर ओकते’. ही केवळ आलंकारिक भाषा नव्हे. ‘ऑइल गळते’ म्हणजे ते बाहेर जाते व जमिनीवर डाग पडतो. ‘ऑइल खाते’ म्हणजे ते आत जळते, पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत आणि धूर निळसर आहे. जे आत नाहीसे होते ते खाणे-पिणे आणि जे बाहेर जाते ते गळणे, असा स्पष्ट भेद येथे आहे. लेखाच्या आरंभी दिलेल्या दोन वाक्यांतील अंतर हेच.

दुसरा गट उतरणे, बसणे, पडणे, जाणे अशा स्थितिबदलाच्या क्रियापदांचा. ‘बॅटरी उतरली’, ‘टायर बसला’, ‘गाडी बंद पडली’, ‘बेअरिंग गेले’. यांतही अंशांचा विचार आहे. ‘उतरली’ ती पुन्हा भरता येते. ‘गेली’ ती बदलावीच लागते. ताप उतरला तर रोगी सुधारतो आणि बॅटरी उतरली तर गाडी अडते, अशी फळे उलट असली तरी दोन्ही ठिकाणी चढलेली पातळी खाली येणे हाच अर्थ आहे.

तिसरा गट सर्वांत महत्त्वाचा. मराठीत अकर्मक आणि सकर्मक क्रियापदांच्या जोड्या विपुल आहेत: फुटणे–फोडणे, जळणे–जाळणे, तापणे–तापवणे, पडणे–पाडणे. ‘क्लच जळला’ हे निदान आहे. ‘क्लच जाळला’ हा आरोप आहे. ‘गाडी तापली’ यात दोष हवामानाचा, पाण्याचा किंवा यंत्राचा असू शकतो. ‘ड्रायव्हरने गाडी तापवली’ यात ‘-ने’ प्रत्ययाने कर्ता उघड होतो आणि जबाबदारी त्याच्यावर येते. दुरुस्तीचा खर्च कोणी सोसावयाचा हा मालक, ड्रायव्हर व कारागीर यांच्यातील नित्याचा वाद. त्याचा निर्णय अनेकदा या एका स्वरभेदावर अवलंबून असतो. ‘जळला’ म्हणणारा कारागीर ड्रायव्हरची नोकरी वाचवतो, हे अतिशयोक्त वाटले तरी असत्य नाही.

याच गटात प्रयत्न आणि फळ यांना वेगवेगळी क्रियापदे देणाऱ्या जोड्या येतात. ‘ब्रेक मारला, पण लागला नाही.’ ‘गिअर टाकला, पण पडला नाही.’ ‘हवा भरली, पण राहिली नाही.’ यांत पहिले क्रियापद माणसाचे आणि दुसरे यंत्राचे आहे. ब्रेक ‘मारणे’ म्हणजे पॅडल दाबणे. ‘लागणे’ म्हणजे अस्तर ड्रमला भिडणे. पॅडल आणि ड्रम यांमधील नळ्या, रबरी वाट्या व द्रव यांपैकी कोठेतरी दुवा तुटला आहे, हे त्या ‘पण’ने सांगितले जाते. अपघाताच्या चौकशीत ‘ब्रेक मारला नाही’ आणि ‘ब्रेक लागला नाही’ यांत किती अंतर पडते, हे निराळे सांगावयास नको. ‘मारणे’ हे क्रियापद ‘सेल्फ मारणे’, ‘हँडल मारणे’, ‘हॉर्न मारणे’ यांतही येते आणि प्रत्येक ठिकाणी माणसाचा हेतुपुरस्सर व्यापारच दाखवते.

अर्थात ही व्यवस्था सर्वत्र सारखी चालत नाही. ‘टायर बसला’ म्हणजे त्यातील हवा गेली. ‘टायर बसवला’ म्हणजे तो चाकावर चढवला. रूपाने ही अकर्मक–प्रयोजक जोडी असली तरी अर्थाने दोन्ही क्रियापदे एकमेकांपासून दुरावली आहेत. रूपसादृश्यावरून अर्थाचा अंदाज बांधणाऱ्या अभ्यासकाने अशा उदाहरणांची स्वतंत्र नोंद ठेवली पाहिजे.

वऱ्हाडी बोलीने या व्यवस्थेत आणखी एका भेदाची भर घातली आहे. ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला, त्यात वऱ्हाडीला स्वतंत्र स्थान आहे. या बोलीत चालू क्रिया ‘-ऊन राहणे’ या रचनेने व्यक्त होते: ‘गाडी तापून रायली.’ प्रमाण मराठीतही ‘तापत आहे’ हे रूप असले, तरी ‘गाडी तापते’ एवढेच म्हटले की ती नेहमी तापते की या क्षणी तापत आहे, हे प्रसंगावरून ठरवावे लागते. बोरी अरबच्या रस्त्यावर ‘गाडी तापते’ ही जुन्या दुखण्याची हकीकत होईल आणि ‘तापून रायली’ ही आता थांबण्याची सूचना होईल. पहिलीत उत्तर रेडिएटरच्या सफाईत आहे आणि दुसरीत गाडी सावलीत नेऊन इंजिन बंद करण्यात आहे. उकळते झाकण घाईने उघडून हात भाजून घेण्याचा प्रसंग या भेदाने टळू शकतो.

६. नामांचे थर

नामांविषयी थोडक्यात सांगणे पुरेसे आहे. मोटार येण्यापूर्वीच मराठी कारागिरीच्या शब्दसंग्रहात पोर्तुगीज थर होता: मेस्त्री, चावी, बिजागरी, पिंप. त्यावर इंग्रजी थर चढला. परंतु ब्यूकसारखी गाडी अमेरिकन असूनही मराठीत तिचे भाग ब्रिटिश नावांनीच ओळखले गेले. अमेरिकन ज्याला हूड म्हणतो ते येथे बॉनेट, ट्रंक ती डिकी, फेंडर तो मडगार्ड, मफलर तो सायलेन्सर आणि गॅस ते पेट्रोल. म्हणजे वस्तू कोठून आली याने तिचे नाव ठरले नाही. नाव शिकवणारी भाषा अगोदरच येथे आलेली होती. ‘स्टेपनी’ हा शब्द तर वेल्समधील लॅनेली गावाच्या स्टेपनी रस्त्याचे नाव सांगतो. तेथे १९०४ च्या सुमारास जादा चाकाचा शोध लागला. इंग्लंडात तो शब्द मागे पडला, मराठीत मात्र तो आजही चालतो.

शास्त्रीय लेखनासाठी निराळे शब्द घडवले गेले. यवतमाळ जिल्हा १९५६ पर्यंत ज्या राज्यात होता त्या मध्यप्रांताच्या सरकारने नागपुरात डॉ. रघुवीर यांच्याकडून संस्कृतनिष्ठ परिभाषेचे काम करवून घेतले. महाराष्ट्रात १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले. मराठी विश्वकोशाने पिस्टनला दट्ट्या, व्हॉल्व्हला झडप, बेअरिंगला धारवा आणि क्रँकशाफ्टला भुजादंड हे शब्द योजिले. यांपैकी झडप व दट्ट्या हे शब्द पूर्वीपासून बोलीत होते, म्हणून ते पाठ्यपुस्तकांत रुळले. धारवा आणि भुजादंड कार्यशाळेत पोचले नाहीत. याचे कारण केवळ संस्कृतचा जडपणा हे नव्हे. परिभाषेचे सारे प्रयत्न नामांवर खर्च झाले आणि ज्या क्रियापदांच्या आधाराने कारागीर विचार करतो त्यांची नोंद कोणी केली नाही. ‘धारवा गेला’ असे कोणी लिहून दाखवले असते, तर कदाचित तो शब्दही चालला असता.

७. उपसंहार

आजच्या मोटारीत बिघाडाचा संकेतांक यंत्राच्या पडद्यावर उमटतो. ‘पी-०३००’ असा आकडा दिसला की अनेक सिलिंडरांत ज्वलन चुकते आहे असे समजावयाचे. जुना कारागीर त्यालाच ‘गाडी मिसिंग करते’ म्हणे. संकेतांक अचूक असतो आणि त्याच्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. तथापि त्यात कर्ता नसतो आणि काळही नसतो. गाडी तापली की तापवली, ती नेहमी तापते की आता तापून राहिली आहे, हे त्यातून कळत नाही. दुरुस्तीच्या छापील पत्रकावर ‘भाग बदलला’ एवढीच नोंद राहते.

२०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांच्या नोंदणीसाठी स्वतंत्र नियम केले. त्यांना ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला क्रमांक मिळू लागला. म्हणजे यंत्र जतन करण्याची व्यवस्था झाली आहे. ते यंत्र ज्या भाषेत दुरुस्त होत राहिले तिच्यासाठी अशी व्यवस्था नाही. बॅबिट ओतणारे आणि ठोका ऐकून सिलिंडर सांगणारे कारागीर आता वृद्ध झाले आहेत. त्यांच्या बोलीचे ध्वनिमुद्रण करून, प्रत्येक वाक्यापुढे त्या वेळी गाडीत नेमका कोणता दोष निघाला याची नोंद केली, तर मराठी क्रियापदांच्या अर्थविचाराला असे साधन मिळेल की ज्यात अर्थ खरा की खोटा हे इंजिन उघडून पडताळता येते. भाषाशास्त्रात अशी पडताळणी क्वचितच उपलब्ध असते. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी विषय हवा असेल, तर विदर्भातील कोणत्याही तालुक्याच्या गावी मोटारदुरुस्तीच्या जुन्या दुकानापासून आरंभ करता येईल. विचारण्याचा पहिला प्रश्न भागांच्या नावांविषयी नसावा. गाडीला काय झाले होते, असा असावा.